इंजिनाला दम नाही? आधी गेज लावा

१ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी संपली की देवबागच्या पडव्यांमधली आउटबोर्ड इंजिनं, म्हणजे होडीच्या मागे लावायची इंजिनं, एकेक करून बाहेर निघतात. दोन महिने गोणपाटाखाली पडलेलं इंजिन होडीला लागतं, दोन-चार दिवस कसंबसं चालतं आणि मग माझ्याकडे निरोप येतो. निरोप कुणाचाही असो, शब्द ठरलेले: "इंजिनाक दम नाय."

माझं शिक्षण आयटीआयचं, तेही डिझेल मेकॅनिकचं. आउटबोर्ड मी शिकलो घरचं इंजिन खोलून आणि मॅन्युअल वाचून. आमची स्वतःची पात, म्हणजे लहान होडी, आहे. कर्लीच्या खाडीत आणि पलीकडे समुद्रात जाळी मारायला जाते, त्यामुळे बाहेर गेल्यावर इंजिन गळपटलं तर काय होतं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. वाडीतली इंजिनं बघतो ती शेजारधर्म म्हणून आणि मनापासून आवड आहे म्हणून. हे सगळं करताना एक मत पक्कं होत गेलं, तेच आज सविस्तर लिहितोय. लहान टू-स्ट्रोक इंजिनाची तक्रार कुठलीही असो, पहिलं काम कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो ते, गेजने बघण्याचं. कार्बोरेटर नंतर.

आपल्याकडे होतं उलटं. "दम नाही" म्हटलं की पहिला हात कार्बोरेटरला जातो, कारण तो समोर असतो, दोन नटांवर निघतो आणि साफ केल्यावर काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण या एकाच तक्रारीमागे कितीतरी वेगळे दोष असतात. पेट्रोलात पाणी असेल, कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, म्हणजे जेट, बुजलं असेल, एका प्लगला ठिणगीच येत नसेल, पंख्याचं रबर सरकत असेल, पिस्टनभोवतालच्या रिंगा गेल्या असतील. होडीत बसलेल्या माणसाला सगळं सारखंच दिसतं: मूठ पिळली तरी होडी पुढे सरत नाही. आणि एक सिलिंडर मेलेला असेल तर जगातला सगळ्यात चांगला कार्बोरेटर लावूनही ती चालणार नाही. कॉम्प्रेशन बघायला पंधरा मिनिटं लागतात, दोन प्लग सोडून काही खोलावं लागत नाही, आणि पुढचा पैसा कुठे घालायचा ते कळतं.

टू-स्ट्रोकमध्ये हे इतकं महत्त्वाचं का, ते थोडक्यात सांगतो. या इंजिनाच्या सिलिंडरला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि पिस्टनच वर-खाली होताना त्या झाकतो आणि उघडतो. पिस्टन वर जातो तेव्हा वरचं मिश्रण दाबलं जातं आणि त्याच वेळी पिस्टनच्या खालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, नवं मिश्रण ओढलं जातं. खाली येताना तेच मिश्रण दाबून पोर्टातून वर ढकलतो. म्हणजे एक पिस्टन, पण पंप दोन. रिंग गळायला लागली की वरचा पंप कमजोर होतो आणि जळता गॅस खाली उतरून क्रँककेसमधलं ताजं मिश्रणही बिघडवतो. फोर-स्ट्रोकला थोडी गळती खपून जाते. इथे थंड इंजिन चालू करतानाच बोंब होते.

या वर्षीचं उदाहरण वाडीतल्या आबांच्या इंजिनाचं. ८ अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं, १६५ सीसीचं. आपल्या किनाऱ्यावर लहान होड्यांना याच जातीची इंजिनं जास्त. कारण सरळ आहे: वजन सत्तावीस-अठ्ठावीस किलो, एकटा माणूस खांद्यावर टाकून पुळणीतून घरी नेतो.

"धा-बारा येळा दोरी ओढूक लागता, तेवा खय चालू जाता," आबा म्हणाले. "आनि जाळी भरून घेतली काय बसताच."

"कार्बोरेटर?"

"दोनदा साफ करून घेतलंय. काय फरक नाय."

मी गेज काढायच्या आधी हळूच दोरी ओढून बघितली. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. इंजिन न्यूट्रलला, लाल लॅनयार्ड (इंजिन बंद करायची दोरी) काढलेला, आणि दोरी एकदम झटका न देता संथ ओढायची. दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही पिस्टन आळीपाळीने वर येतात, म्हणून हाताला जड-हलकं, जड-हलकं असं एका लयीत लागलं पाहिजे, आणि प्रत्येक जड सारखं जड. आबांच्या इंजिनात एक जड ठोका यायचा आणि दुसऱ्याच्या जागी दोरी नुसती सरकायची. संशय तिथेच आला. पण हाताच्या अंदाजावर कुणाचं इंजिन खोलू नये, आकडा घ्यावा.

गेजबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे बाजारात गफलत होते. गाडीच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त गेजला लांब रबरी नळी असते आणि हवा अडवणारा छोटा व्हॉल्व्ह घड्याळापाशी असतो. मोठ्या सिलिंडरला ते चालून जातं. आपल्या इंजिनाचा एक सिलिंडर ८२ सीसीच्या आसपास आणि पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम दहा-पंधरा सीसी. तेवढ्यात नळीच्या पोटातली हवा मिळवली की आकडा दिसण्याइतका खाली येतो आणि धडधाकट इंजिन आजारी दिसतं. म्हणून व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला असलेलाच गेज घ्यावा. रबरी शंकू दाबून धरायचा गेज तर लहान इंजिनाला नकोच, एका हाताने तो नीट दाबला जात नाही.

दुसरी गोष्ट आट्यांची. या इंजिनांना बी७एचएस जातीचा प्लग लागतो. त्याचे आटे १४ मिलिमीटरचे आणि लांबीला आखूड, १२.७ मिलिमीटर. गेजचा अडॅप्टर मोटारगाडीच्या लांब प्लगचा असेल तर तो सिलिंडरच्या आत डोकावतो आणि पिस्टनच्या डोक्याला लागू शकतो. लावण्याआधी जुना प्लग शेजारी धरून लांबी बघायची.

आता प्रत्यक्ष काम. शक्य असेल तर इंजिन आधी ड्रममध्ये गोड्या पाण्यात पाच मिनिटं चालवून कोमट करावं. पाण्याबाहेर मात्र नाही, अगदी थोडा वेळसुद्धा नाही, कारण खालच्या पंपाचं रबरी इम्पेलर कोरडं फिरलं की लगेच जळतं. चालूच होत नसेल तर थंड इंजिनावर घ्या, पण वहीत 'थंड' असं लिहा. मग पेट्रोलची नळी काढायची. दोन्ही प्लग काढायचे, एकच नाही. एक राहिला तर दोरी जड जाते, फेरे कमी पडतात आणि आकडा फसवतो. प्लग काढण्याआधी भोवतालची वाळू आणि मीठ ब्रशने झाडून घ्यायचं, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये. प्लगच्या दोन्ही वायरी इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून पक्क्या बांधायच्या. याची दोन कारणं: सीडीआयला, म्हणजे ठिणगी तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, ठिणगी सोडायला वाट मिळाली नाही तर तो बिघडू शकतो, आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना शेजारी ठिणगी उडणं म्हणजे आग.

थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. बंद थ्रॉटलला इंजिनाला हवाच मिळत नाही आणि आकडा कमी येतो. पुष्कळ लहान इंजिनांत न्यूट्रलला मूठ पूर्ण फिरत नाही, एका ठिकाणी अडते. तेव्हा मुठीवर विसंबून न राहता कार्बोरेटरची पाकळी बोटाने पूर्ण उघडून धरावी. मग गेज हाताने घट्ट बसवून दोरी ओढायची, पूर्ण लांबीची आणि दमदार, काटा चढायचा थांबेपर्यंत. साधारण पाच-सहा ओढींत थांबतो. दोन्ही सिलिंडरसाठी ओढणारा माणूस तोच असावा. पहिल्याला तरणा मुलगा आणि दुसऱ्याला त्याचा आजोबा, असं केलं तर तुलना कसली होणार?

आबांच्या इंजिनाचे आकडे आले: वरचा सिलिंडर ११४ पीएसआय (दाबाचं माप), खालचा ७२.

लहान दोन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांना साधारण ९० ते १३० च्या मधला आकडा मी निरोगी समजतो. पण त्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. दहा टक्क्यांच्या वर फरक गेला की कारण शोधायचं. दोन गेज कधी सारखं दाखवत नाहीत, पण एकाच गेजने दोन्ही सिलिंडर मोजले तर गेजची चूक दोन्हीकडे सारखीच येते, फरक खराच राहतो. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं, कारण रॉकेल जास्त दाबाला ठोके मारतं. त्यामुळे रॉकेलचं इंजिन असेल तर पेट्रोलच्या इंजिनाचा आकडा त्याला लावून घाबरू नका, त्याच मॉडेलचं मॅन्युअल बघा.

७२ आणि ११४ म्हणजे काहीतरी नक्की आहे. पण काय? रिंग, की हेडचं (सिलिंडरच्या झाकणाचं) पॅकिंग, की पिस्टनलाच भोक? त्यासाठी ओली चाचणी. प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडायचं आणि परत मोजायचं. तेलाने रिंगेच्या फटी तात्पुरत्या बुजतात, म्हणून आकडा चढला तर दोष रिंगांचा. पॅकिंग किंवा पिस्टन गेलेला असेल तर फारसा चढत नाही. मोटारीच्या पुस्तकांत यासाठी चमचाभर तेल सांगतात. लहान टू-स्ट्रोकला ते फार होतं. चमचा म्हणजे ५ मिली, आणि दहा-पंधरा सीसीच्या जागेत ५ मिली तेल शिरलं तर नुसत्या जागा कमी झाल्यामुळेच आकडा उडी मारतो. मी पाव चमचा घेतो, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सिलिंडरमध्ये तेवढंच घालतो. चांगल्या सिलिंडरचा आकडा किती चढला त्यावरून तेलाच्या जागेचा हिशेब मिळतो. आउटबोर्डमध्ये सिलिंडर आडवे असतात, तेव्हा तेल तळाच्या बाजूला साचतं, म्हणून मोजण्याआधी दोन-तीनदा दोरी सावकाश ओढून ते सगळीकडे फिरू द्यायचं.

वरचा ११४ वरून १२४ वर गेला. खालचा ७२ वरून ९८ वर. रिंग.

इथून पुढे बरेच जण थेट हेड खोलतात. त्याआधी एक खिडकी उघडून आत बघता येतं आणि मला हे काम फार आवडतं. बहुतेक लहान आउटबोर्डमध्ये ब्लॉकच्या बाजूला एक्झॉस्टचं, म्हणजे धूर बाहेर जायच्या वाटेचं, झाकण असतं. ते काढलं की एक्झॉस्ट पोर्टातून पिस्टनची बाजू आणि रिंगा दिसतात. बोल्ट मात्र खाऱ्या पाण्यात गंजून अडकलेले असतात. जोर केला तर तुटून ब्लॉकमध्येच राहतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं, सकाळी थोडी ऊब द्यावी, आणि पाना एकदा उलटा, एकदा सुलटा असा हलवत सोडवावा.

आबांच्या इंजिनाचं झाकण निघालं तेव्हा मोबाईलचा टॉर्च आत धरला आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवलं. वरच्या पिस्टनच्या रिंगा चकचकीत राखाडी, सगळीकडे सारख्या. बांबूच्या काडीने दाबल्यावर आत जायच्या आणि सोडल्यावर परत बाहेर यायच्या. खालच्या पिस्टनची वरची रिंग काळ्या राळेत रुतून बसलेली. काडी दाबली तरी हलत नव्हती. आणि पोर्टाच्या खालच्या कडेला तांबूस गंजाचे बारीक ठिपके होते. सिलिंडरच्या भिंतीवर एक्झॉस्टच्या बाजूने थोडे उभे ओरखडे, पण नखाला लागतील इतके खोल नव्हते.

काळी राळ कुठून आली ते विचारणं भाग होतं.

"आबानू, तेल किती घालतास?"

"झाकणान मापून. वायच जास्तच घालतंय. इंजिनाक बरा."

"आनि खयचा?"

"मोटारसायकलीचा. टू-टी."

आबांसारखं वाटणारे किनाऱ्यावर खूप आहेत, आणि त्यामागे इंजिनाची काळजीच असते. पण दोन्ही गोष्टी इंजिनाला घातक आहेत. दुचाकीचं टू-टी तेल हवेवर थंड होणाऱ्या, तापट इंजिनांसाठी बनवलेलं असतं आणि त्यातल्या काही द्रव्यांची राख होते. आउटबोर्ड पाण्यावर थंड होतं, त्याचा सिलिंडर त्या मानाने थंड राहतो, पण तासन् तास एकाच जोराने चालतो. त्याला टीसी-डब्ल्यू३ हा दर्जा छापलेलं, राख न होणारं तेल लागतं. प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात असतं. या जातीला ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. जास्त तेल घातल्याने वंगण वाढत नाही, काजळी वाढते. शिवाय जेटातून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात तेल जास्त म्हणजे पेट्रोल कमी, म्हणून मिश्रण उलट पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. मापाला दहा-वीस रुपयांची औषधाची सिरिंज पुरते. आबांना मी तीच आणून दिली.

गंजाचं कारण वेगळं निघालं. पावसाळ्यात इंजिन पडवीत आडवं ठेवलेलं होतं, आणि पाय, म्हणजे पंख्याकडची बाजू, डोक्यापेक्षा उंच. तसं ठेवलं की एक्झॉस्टच्या वाटेत अडकलेलं खारं पाणी उतरत उतरत पोर्टातून सिलिंडरमध्ये जातं. काजळीने अर्धी अडकलेली रिंग गंजाने पूर्ण धरली, असा माझा निष्कर्ष.

आधी न खोलता प्रयत्न केला. पिस्टनने पोर्ट झाकले जातील असं फ्लायव्हील फिरवून प्लगच्या भोकातून कार्बन सोडवणारा स्प्रे मारला, रात्रभर मुरू दिला, सकाळी दोरी ओढून घाण बाहेर काढली. रिंग नुसती काजळीने अडकलेली असेल तर याने पुष्कळदा काम होतं आणि खर्च वाचतो. इथे ७२ चा ७८ झाला आणि तिथेच थांबला. मग पॉवरहेड, म्हणजे इंजिनाचा वरचा मुख्य भाग, उतरवून सिलिंडर उघडला. जुनी रिंग खोबणीतून तुकड्यांनीच निघाली. पिस्टन वाचला. खोबण तुटक्या रिंगेच्याच टोकाने खरवडून साफ केली, सिलिंडरला हलकं होनिंग करून बारीक तिरप्या रेघा पाडल्या, नव्या रिंगा आणि सगळी पॅकिंगं नवी.

नवी रिंग चढवण्याआधी ती नुसती सिलिंडरमध्ये सरळ बसवून दोन टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायची, मॅन्युअलमधल्या आकड्यांच्या आत आहे का ते. आणि पिस्टनवर चढवताना टू-स्ट्रोकची खूण लक्षात ठेवायची: प्रत्येक खोबणीत एक छोटी पिन असते, रिंगेची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. ती पिन रिंगेला गोल फिरू देत नाही. रिंग फिरली तर तिचं टोक पोर्टाच्या खिडकीत अडकून मोडतं आणि सिलिंडर फाडतं. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, मधून बाहेरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत. पाण्याच्या वाटांमध्ये मिठाचा थर होता, तोही काढला.

जोडल्यावर पहिला आकडा वर ११६, खाली १०४. नव्या रिंगा बसायला वेळ लागतो, हे अपेक्षितच होतं. पहिले दहा तास लिटरला ४० मिली तेल, सलग फुल्ल थ्रॉटल नाही, आणि एकाच वेगाने कंटाळवाणं चालवायचं नाही, मूठ कमी-जास्त करत राहायची. आबांनी ते काटेकोर पाळलं. दहा तासांनंतर खालचा १११ वर आला. आता थंड इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला धरतं.

याचा अर्थ कॉम्प्रेशन चांगलं निघालं की इंजिन चांगलं, असा मात्र नाही. प्लगवरचा गेज फक्त पिस्टनच्या वरची बाजू मोजतो. क्रँककेसचा खालचा ऑइल सील गळत असेल किंवा क्रँककेसमध्ये मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या रीड व्हॉल्व्हची पाती कडेला तुटली असेल तर गेजला काहीच कळत नाही. सील गळाला की इंजिन हवा ओढतं, संथ चालताना वर-खाली होतं. पाती तुटली की कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा उलटा येतो. पण अशा वेळी निदान हेड खोलायची गरज नाही एवढं तरी समजतं, आणि शोध दुसऱ्या दिशेने वळतो.

याच मोसमात दुसरं एक इंजिन आलं, तक्रार तीच. गेज लावला तर ११८ आणि ११६. इतकं सुरेख इंजिन. चालवून बघितलं तर आवाज चढत होता आणि होडी जागेवर. पंख्याच्या मधल्या भागात रबर असतं, पंखा खडकाला आपटला तर गिअर तुटू नयेत म्हणून. ते रबर सुटलं होतं. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर खडूची एक सरळ रेघ ओढली, होडी थोडी चालवून आणली, रेघ तुटलेली दिसली. संपलं काम. पंखा काढलाच होता म्हणून मागे शाफ्टवर बघितलं तर जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला. तो तसाच राहिला तर सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरून त्याचा रंग दुधाच्या चहासारखा होतो.

पेट्रोलाबद्दल एवढंच सांगतो, पण ते मनावर घ्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि आपल्या पावसाळी हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाला वेगळं बसतं, आणि टाकीची नळी तळातूनच ओढते. वाईट गोष्ट अशी की टू-स्ट्रोकचं तेल वरच्या पेट्रोलात राहतं. म्हणजे इंजिनात जातं ते बिनतेलाचं पाणी. बंदीच्या आधीचं पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरायचंच नाही. शंका असेल तर तळाचं थोडं काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं स्वस्थ ठेवा, दोन थर झाले तर डोळ्यांना दिसतात. बाकी हातपंपाचा बल्ब घट्ट होतो का, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, हे बघायला पाना लागत नाही. चालता चालता इंजिन बसत असेल तर दुसऱ्याला बल्ब दाबायला सांगा. दाबल्यावर उचल घेतली तर पेट्रोलपंपाचा पडदा किंवा नळीतली हवा, एवढं नक्की.

ठिणगीही झटपट बघता येते: प्लगला वायर लावून त्याची बॉडी ब्लॉकला चिमट्याने पक्की टेकवायची, प्लगच्या भोकांपासून लांब, आणि दोरी ओढायची. निळी, कडक आवाजाची ठिणगी हवी. दोन्हीकडे अजिबात नसेल तर सीडीआय विकत आणण्याआधी बंद करायच्या बटणाची वायर सोडवून बघा. बटणात मीठ शिरून ते आतून शॉर्ट झालेलं असतं, आणि लोक उगाच महागडा सुटा भाग बदलतात.

पुढच्या बंदीला इंजिन ठेवताना आबांना जे सांगितलं ते इथेही लिहितो. ड्रममध्ये गोड्या पाण्यावर पंधरा मिनिटं चालवायचं. मग पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवायचं, शेवटी शेवटी कार्बोरेटरच्या तोंडात तेलाचा फवारा मारायचा, धूर होऊन बंद पडेपर्यंत. दोन्ही प्लगच्या भोकांत थोडं तेल, दोरीच्या दोन-तीन संथ ओढी, प्लग परत लावायचे. पाण्याची वाट पूर्ण निथळेपर्यंत इंजिन उभंच ठेवायचं, आणि पुढेही लाकडी घोडीवर उभंच. आडवं ठेवणं भाग पडलं तर डोकं वर, पाय खाली. आणि ठेवण्याआधी एकदा, ऑगस्टमध्ये होडीला लावण्याआधी एकदा, गेज लावून दोन्ही सिलिंडरचे आकडे वहीत लिहायचे: तारीख, थंड की कोमट, वरचा, खालचा. या वर्षी जुलैअखेरच आबांच्या इंजिनाला गेज लागला असता तर बंदीनंतरचा पहिला आठवडा, बांगड्याचे ते चांगले दिवस, किनाऱ्यावर बसून गेले नसते.